एका कोपऱ्याला धरून उचला

लाकडी जिगसॉसाठी लेझर कटर घ्यायला गेलात, की विक्रेता आधी वॅट सांगतो. माझं ऐका, आधी त्या मशीनवर कापलेले दहा-बारा तुकडे हातात मागा. ते जोडा आणि एका कोपऱ्याला धरून उचला. सगळे एकत्र उचलले गेले, तर मशीन चांगलं. कोड्याचा जीव तुकड्यांमधल्या फटीत असतो. 1760च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून करवत चालवली आणि असंच कोडं बनवलं. करवत लाकूड खाते, तसा लेझरही खातो. पण साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरच. निळ्या किरणांचा डायोड लेझर स्वस्त पडतो, हौसेला पुरतो. शेकडो तुकडे रोज कापायचे असतील, तर मात्र कार्बन डायऑक्साइडच्या नळीचंच मशीन घ्यावं. कमी वॅटच्या डायोडला तीन मिलिमीटरच्या प्लायवर एकाच रेषेवरून बहुधा पुन्हापुन्हा फिरावं लागतं, आणि कड करपते. कापताना हवेचा झोत आणि धूर बाहेर नेणारा पंखा, यांत काटकसर अजिबात नको. चालू मशीन सोडून चहालाही उठू नये. माझ्या पहिल्याच कोड्यात प्लायच्या मधल्या थरात गाठ निघाली. तिथे किरण पार गेला नाही, आणि तुकडा सोडवताना त्याचं गोल डोकंच मोडलं. तेव्हापासून प्रत्येक फळी खिडकीच्या उजेडात धरून बघते. चित्रावर मास्किंग टेप लावते. कापून झाल्यावर ती सोलली, की काजळी तिच्याबरोबर निघते आणि खालचे रंग स्वच्छ दिसतात.