पदक पित्याचे, वणवण पुत्राची

दि. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीर खोऱ्यातील हाजीन येथे दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत वायुदलाच्या ‘गरुड’ पथकातील मिलिंद किशोर खैरनार धारातीर्थी पडले. नंदुरबार जिल्ह्याच्या या सुपुत्राला पुढच्याच प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारी २०१८ रोजी, मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. अवघ्या साडेतीन महिन्यांत राष्ट्राने आपले ऋण मान्य केले. असेच व्हावयास हवे. साक्षीदार समोर होते, अहवाल वेळेवर वर गेला आणि दिल्लीनेही निर्णयास विलंब लावला नाही. यंत्रणेने मनावर घेतले म्हणजे कागद किती वेगाने धावतात, हे या एका उदाहरणावरून दिसते.

परंतु याच देशात सैनिकांची आणखी एक पिढी आहे. तिच्या वाट्याला हा वेग आला नाही. १९६५ आणि १९७१ ची युद्धे लढून जे जिवंत परतले, गावी येऊन पुन्हा नांगराला लागले अथवा कुठे पहारेकरी, कुठे शिपाई म्हणून राबले आणि वृद्धापकाळी आपल्या खाटेवर शांतपणे गेले, त्यांची ही पिढी. त्या काळी सात-दहा वर्षांची सेवा झाली, की निवृत्तिवेतनाविना घरी परतण्याची वेळ अनेक जवानांवर येई. त्यांच्यासाठी ना मिरवणूक निघाली, ना चौकाला नाव लाभले. त्यांनी त्याची अपेक्षाही केली नाही. तथापि जे त्यांचे हक्काचे होते, तेही पुष्कळांच्या हाती पडले नाही.

हक्काचे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र हे शौर्याचे सन्मान झाले. ते निवडक वीरांना लाभतात. याखेरीज युद्धात वा मोहिमेत सहभागी झालेल्या प्रत्येक पात्र सैनिकास सेवापदके देय असतात. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. सीमावर्ती दुर्गम प्रदेशांतील सेवेबद्दल सैन्य सेवा पदक. १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनानिमित्त दिलेले पदक. ही कोणाच्या मर्जीची बक्षिसे नव्हेत. ‘हा मनुष्य तेथे होता’ ही राष्ट्राने धातूवर दिलेली साक्ष आहे. पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृतीची कडा कोरी असते. सारा फरक त्या कडेत आहे.

फीत आधी मिळते, पदक मागाहून येते, अशी सैन्याची रीत. हे ‘मागाहून’ कित्येकदा वर्षानुवर्षे लांबले. पदके पुरेशा संख्येने घडवून, त्यांवर नावे कोरून ती पलटणीपर्यंत पोहोचविण्याच्या कामात अनेक दशकांची थकबाकी साचली. परेडसाठी बाजारातील पदके विकत घेऊन छातीवर लावण्याची पाळी जवानांवर आली, ही लपून राहिलेली गोष्ट नाही. सैनिक तोवर निवृत्त होई, पत्ता बदले आणि पार्सल कुठे तरी पडून राही. म्हणून माजी सैनिकाच्या घरी भिंतीवरच्या छायाचित्रात छातीवर फिती दिसतात. ट्रंक उघडली, तर पदके मात्र नसतात. वडील गेल्यानंतर मुलगा वा मुलगी ती शोधू लागते, आणि मग सुरू होते वणवण.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही वणवण किती बिकट होते, याची कल्पना शहरातील वाचकास सहज यावयाची नाही. हा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी भरती झालेल्या जवानाच्या कागदावर जिल्हा ‘धुळे’ असणार. त्याहून जुन्यांच्या कागदावर ‘पश्चिम खानदेश’, आणि राज्य ‘मुंबई’. आज अर्ज करणाऱ्या वारसाच्या रहिवासी दाखल्यावर नंदुरबार. अर्थात कारकुनाच्या दृष्टीने माणूसच वेगळा! नावांची कथा तर याहून विचित्र. भिल्ली, पावरी वा अहिराणी बोलणाऱ्या तरुणाने भरतीच्या वेळी आपले नाव सांगितले, हिंदी बोलणाऱ्याने ते ऐकले आणि इंग्रजीत उतरविले. वसावेचा वसावा झाला, कुठे आडनावाच्या जागी वडिलांचेच नाव बसले. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांना शाळेने सरसकट १ जून बहाल केली होती. सैन्यात मात्र डॉक्टरने अंदाजाने दुसरीच लिहिली. त्यात सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. घरे उठली, बिऱ्हाडे हलली. अशा स्थलांतरात डिस्चार्ज बुक जपून ठेवावे, अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करावी?

आणि ते पुस्तक हाती नसेल, तर पुढचे दार उघडत नाही. अभिलेख कार्यालय सैन्य क्रमांक मागते. हे कार्यालयही प्रत्येक रेजिमेंटचे वेगळे: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. वडील ‘फौजेत होते’ एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्या मुलाने यांपैकी कोठे लिहावे? त्यातून निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाचे सेवाकागद पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याची सैन्याच्या नियमांतच तरतूद आहे. त्या हिशेबाने १९७१ नंतर लवकरच घरी परतलेल्या जवानाचे कागद विसाव्या शतकाच्या अखेरीसच जाळण्यास मोकळे झाले. म्हणजे आधी पदक द्यावयाचे नाही, मग पुरावा नष्ट करावयाचा आणि शेवटी वारसाला पुरावा आण म्हणावयाचे, असा हा न्याय आहे. तो कोणी दुष्टबुद्धीने रचला नसेल. परिणाम मात्र तोच.

येथे एक आक्षेप येतो आणि तो खोडसाळ नाही. मृत पित्याविषयी पुत्राच्या मनात भक्ती असते. घरोघरच्या आठवणींवरून सन्मान वाटू लागलो, तर खऱ्या शौर्याचे मोल काय राहिले? शौर्यपुरस्कारांच्या बाबतीत हा आक्षेप पूर्णतः मान्य केला पाहिजे. रणांगणावरील पराक्रमाची शिफारस तेथील अधिकाऱ्याने आणि मुदतीत करावयाची असते. ती पन्नास वर्षांनी नातवंडांच्या अर्जावरून होऊ लागली, तर वीरचक्राची शान राहणार नाही. ज्या कुटुंबांना वडिलांच्या नावे शौर्यपदक हवे आहे, त्यांना हे स्पष्टपणे सांगणे हेच त्यांच्या हिताचे आहे.

मात्र मुदत म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी वायुदलाच्या मिस्टियर विमानांनी पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ला केला. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या त्यातून परतले नाहीत. ‘बेपत्ता’ एवढीच नोंद राहिली. पुढे १९७९ साली जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून उलगडा झाला, की मार लागलेल्या विमानानिशी देवय्यांनी त्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटर विमानाशी झुंज देऊन ते पाडले होते. या हल्ल्याचे नेतृत्व केलेले ओमप्रकाश तनेजा यांनी तो पुरावा घेऊन वायुदल मुख्यालयाकडे पाठपुरावा केला आणि १९८८ साली, २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. शत्रूच्या गोटातून पुरावा आला, म्हणून आपल्या वीराचा सन्मान झाला! पुरावा सबळ असेल, तर मुदत ओलांडता येते, हे आपल्याच सरकारने एकदा मान्य केलेले आहे.

अमेरिकेत तर याच कार्यासाठी एका कन्येने आपले उत्तरायुष्य वेचले. विल्यम शेमिन हा ज्यू सार्जंट ऑगस्ट १९१८ मध्ये फ्रान्समधील रणभूमीवर गोळीबारातून तीन वेळा धावत जाऊन जखमी सहकाऱ्यांना घेऊन आला. सर्वोच्च पदकापासून तो वंचित राहिला आणि १९७३ साली निवर्तला. त्याची कन्या एल्सी हिने कागदपत्रे जमविली, लोकप्रतिनिधींना गाठले, अमेरिकी काँग्रेसला मुदतीची अट शिथिल करावयास लावली. २ जून २०१५ रोजी व्हाइट हाउसमध्ये पित्याचे ‘मेडल ऑफ ऑनर’ स्वीकारताना तिने ऐंशी ओलांडली होती. पराक्रम घडल्यापासून ९७ वर्षे झाली होती.

या दोन्ही कथांतील एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. तनेजा स्वतः वायुदलाचे अधिकारी होते. एल्सी सुशिक्षित, साधनसंपन्न होती. धडगावच्या डोंगरातील विधवेपाशी यातले काय आहे? तिची मागणी तर महावीरचक्राची नाहीच. पतीच्या नावे सरकारदप्तरी मंजूर होऊन पडलेले एखादे साधे सेवापदक तिला हवे आहे. शौर्याच्या सन्मानासाठी पुरावा मागणे योग्य. सेवापदकासाठी तोच भार कुटुंबावर टाकणे अन्यायाचे आहे. कोण कोणत्या पलटणीत होता आणि ती पलटण कोणत्या आघाडीवर होती, हे सरकारनेच लिहून ठेवले होते. मग शोधही सरकारनेच घ्यावा. वारसाने फार तर आपले नाते सिद्ध करावे.

ही अपेक्षा आपल्या परंपरेला नवी नाही. अफझलखानाच्या वधानंतर शिवछत्रपतींनी काय केले, ते सभासदाने नोंदवून ठेवले आहे. युद्धात पडलेल्यांच्या मुलांचे चालविले, ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन लावून दिले, जखमींना जखम पाहून होन दिले. विधवांनी रायगडाचे उंबरठे झिजविल्याचा उल्लेख त्यात नाही. राजाने आपण होऊन चौकशी केली. (रायगड तेव्हा राजधानी झालाही नव्हता, हे खरे, पण नंतरही असे उंबरठे झिजल्याचे ऐकिवात नाही.)

स्वतंत्र भारताला मात्र आपल्या सैनिकांची नावे एका ठिकाणी कोरावयास फार वेळ लागला. ब्रिटिशांसाठी लढून पडलेल्यांची नावे असलेले इंडिया गेट १९३१ साली उभे राहिले. स्वतंत्र भारताच्या हुतात्म्यांचे राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झाले. तोवर किती सरकारे आली नि गेली, त्यांची गणती वाचकांनीच करावी. ब्रिटिशांची न्यायबुद्धीही वाखाणण्याजोगी नव्हती. त्यांच्याच युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये कबूल केले, की पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय, आफ्रिकी आदी किमान १ लाख १६ हजार जणांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत; ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी ८ एप्रिल २०१७ रोजी दिल्लीत १९७१ च्या सात भारतीय हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना सन्मानपत्रे दिली, तेव्हा १,६६१ जणांची यादी त्या देशाने तयार केली होती. परदेशी सरकार आपल्या सैनिकांची यादी करू शकते, तर हयात परतलेल्यांची यादी आपणांस का करता येऊ नये?

सरकारने करावयाची कामे कठीण नाहीत. पंचवीस वर्षांनी कागद नष्ट करण्याचा नियम आजच्या संगणकयुगात निरर्थक आहे. तो रद्द व्हावा आणि जे उरले आहे, त्याची प्रतिमा जपली जावी. मूळ सेवापत्र नष्ट झाले असल्यास पलटणीची युद्धदैनंदिनी, वेतनाच्या नोंदी, सहकाऱ्याचे शपथपत्र ग्राह्य धरावे. जिल्हा विभाजनामुळे वा नावाच्या उच्चारामुळे पडलेला फरक तहसीलदाराच्या एका दाखल्याने मिटावा. आणि पदक टपालाने न धाडता १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनानंतर त्या गावात, गावकऱ्यांसमोर, वारसाच्या हाती द्यावे. एकट्या घरी आलेल्या पार्सलात आणि या सोहळ्यात काय अंतर आहे, ते त्या गावची मुले सांगतील. सैन्यभरतीच्या जाहिरातींवर होणाऱ्या खर्चाहून हा मार्ग स्वस्तही पडेल.

सरकार हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी मात्र थांबण्याचे कारण नाही. पूर्व सैनिक सेवा परिषदेकडे सैन्याच्या कागदांची भाषा जाणणारी माणसे आहेत. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांना सातपुड्यातील पाडे ठाऊक आहेत. या दोन ओळखी एकत्र आल्या, तर नंदुरबारच्या सहाही तालुक्यांत माजी सैनिकांच्या घरांची नोंद एका पावसाळ्यात होऊ शकेल. विचारावयाचे मोजकेच: सैन्य क्रमांक, पलटण, भरतीचे व परतीचे वर्ष, एखादे जुने पत्र, छायाचित्रातील टोपीवरचे बोधचिन्ह. अनेकदा त्या बोधचिन्हावरूनच रेजिमेंट कळते आणि कोठे लिहावयाचे, ते ठरते. १९७१ साली विशीत असलेले सहकारी आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांची शपथपत्रे प्रथम करून घ्यावीत, बाकीचे कागद नंतर. मग तोफखान्यातील वीस घरांचे अर्ज घेऊन एकाच कार्यकर्त्याने नाशिकरोडला जावे. वीस विधवांनी वीस वेळा बसने जाण्याची आवश्यकता नाही.