भाडेकरू बदलतो, बाईचे काय?

मे-जून महिना आला की वर्धा शहरात आणि भोवतालच्या गावांत सामानाचे टेम्पो फिरू लागतात. पिपरी मेघे, सिंदी मेघे, नालवाडी, बोरगाव मेघे या भागांत जागोजागी फ्लॅट स्कीम उभ्या आहेत. सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत शिकणारे डॉक्टर, हिंदी विश्वविद्यालयातले प्राध्यापक, बदलीवर आलेले बँकेचे नि सरकारी कर्मचारी हे तिथले भाडेकरू. डॉक्टरांचे पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे, बदलीही तेवढ्यातच, आणि भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. म्हणजे माणसे येत-जात राहणार हे आधीच ठरलेले. मुंबई-पुण्याच्या तीस-चाळीस मजली टॉवरमध्येही हेच चालते, फक्त रकमा मोठ्या असतात. भाडेकरू जातो, मालक फरशी उखडतो, स्वयंपाकाचा ओटा नवा करतो, रंग देतो आणि भाडे वाढवून घर पुन्हा देतो. हा हिशेब सर्वांना पाठ आहे. त्या घरात रोज दोन तास राबणारी बाई मात्र या हिशेबात कुठेच नसते.

आमच्या बैठकीला येणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगते. तिच्याकडे चार घरे होती, त्यांतली दोन एकाच महिन्यात रिकामी झाली. पहिल्या घरच्यांनी महिना पुरा व्हायच्या आत घर सोडले आणि भरलेल्या दिवसांचे पैसे 'पाठवतो' म्हणून गेले, ते आजतागायत आले नाहीत. दुसऱ्या घरात दुरुस्ती निघाली. मालकाने तिला सांगितले, काम झाले की तुलाच बोलावतो. ती अडीच महिने थांबली. नवे भाडेकरू आले ते स्वतःच्या ओळखीची बाई घेऊन. सहा वर्षे ज्या घराची फरशी तिने पुसली, त्या घराशी आपला काही संबंध होता हे सांगायला तिच्याजवळ एक कागद नव्हता. हे एकटीचे दुर्दैव नव्हे. बैठकीत तिने हे सांगितले तेव्हा बाकीच्यांना त्यात नवल वाटले नाही, हेच मला जास्त लागले.

मालकाची काळजी कायद्याने किती बारकाईने घेतली आहे ते पाहा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर त्याच्याकडून दुप्पट दराने रक्कम वसूल करता येते. अनामत तर असतेच. भिंतीला खिळा ठोकला, नळ गळका ठेवला, विजेचे बिल थकवले, तर पैसे अनामतीतून वळते होतात. फुटलेल्या टाइलची भरपाई आधीच बाजूला काढून ठेवलेली असते, बाईच्या शेवटच्या महिन्याची नसते. आपण स्त्रियांनी तरी हा प्रश्न विचारायला नको का?

यावर उत्तर ठरलेले असते: 'बाईचा व्यवहार ज्याच्या त्याच्या घराशी, सोसायटीचा काय संबंध?' हे उत्तर मला खोटे वाटते. मोठ्या संकुलांच्या फाटकावर बाईचा फोटो असतो, आधार कार्डाची प्रत असते, पोलीस पडताळणीचा कागद असतो. आता तर मोबाईल ॲपमध्ये ती किती वाजता आत गेली नि किती वाजता बाहेर पडली याची मिनिटामिनिटाची नोंद राहते. म्हणजे ही बाई या इमारतीत किती वर्षे येते, हे सोसायटीला तिच्यापेक्षाही नेमके ठाऊक असते. पहाऱ्याच्या वेळी ती अख्ख्या इमारतीची आणि पगाराच्या वेळी एका फ्लॅटची, ही कुठली रीत?

बंदी घालायची असली की सगळे रहिवासी एक होतात, हेही आपण पाहिले आहे. जुलै २०१७ मध्ये नोएडातल्या महागुन मॉडर्न या उच्चभ्रू संकुलात एका घरकामगार स्त्रीवरून वाद पेटला. चोरीचा आरोप एका बाजूने, कोंडून ठेवल्याचा आणि पैसे थकवल्याचा दुसऱ्या बाजूने. तिच्या वस्तीतले लोक फाटकावर धावून गेले, दगडफेक झाली, अटका झाल्या. त्यानंतर रहिवाशांनी तिथल्या बंगाली बायांना सरसकट कामबंदी केली. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडेही असंख्य सोसायट्यांनी बायांना फाटकावरच अडवले, आणि त्या महिन्यांचा पगार द्यायचा की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले. बंदीचा निर्णय सामुदायिक होऊ शकतो, तर जबाबदारीचाही होऊ शकतो.

आता त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये चालणाऱ्या दुरुस्तीकडे या. तिथेही बायाच असतात. मिस्त्री पुरुष, पण मलबा घमेल्यात भरून खाली उतरवणारी, सिमेंट-रेती वर नेणारी रेजा बाई. लिफ्ट खराब होईल म्हणून ती जिन्याने. ठिय्यावरून पाच दिवस इथे, आठ दिवस तिथे, असे तिचे काम. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी व्हायला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पाच-पाच दिवसांच्या कामाचा दाखला तिला कोण देणार? शिवाय दहापेक्षा कमी कामगार असलेले काम कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. स्वतःच्या राहत्या घराचे काम ठरावीक खर्चाच्या आत असेल तर तेही वगळलेले. १९९६ च्या कायद्यात ही खर्चमर्यादा १० लाख रुपये होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती ५० लाख झाली. एखाद्याने राहत्या फ्लॅटला ४० लाखांचा संगमरवर बसवला तरी आता ते 'घरगुती' काम! घर म्हटले की कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. हा आपल्या चळवळीचा जुना अनुभव आहे. मारहाणीच्या प्रश्नावर आपण कायद्याला आत यायला लावले, पण मजुरीच्या प्रश्नावर तो अजून बाहेरच उभा आहे.

महाराष्ट्राला यातला मार्ग माहीत नाही असेही नाही. हमालांचे मालक रोज बदलत, म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगार मालकाशी न बांधता मंडळाशी बांधला. मजुरी आणि वरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मंडळामार्फत द्यायचा. १९८१ मध्ये त्याच धर्तीवर सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. ही दोन्ही कामे मुख्यतः पुरुषांची. घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आला तो कल्याण मंडळाचा. त्यात नोंदणी आहे, मदत आहे, पण पगार, नोटीस, रजा यांबद्दल मालकावर बंधन नाही. पुण्याच्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून संघटना बांधली, त्याला चार दशके उलटली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. न्यायालयालाही हे सांगावे लागते.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या गावात काय करता येईल, हा माझा मुद्दा आहे. फ्लॅट स्कीमच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडता येतो: भाडेकरू घर सोडताना बाईचे पैसे चुकते झाल्याची तिची सही असल्याशिवाय मालकाने अनामत परत करू नये, आणि तशी अट करारात लिहावी. घर सोडायच्या एक महिना आधी तिला कळवावे, नाहीतर एक महिन्याचा पगार द्यावा. दुरुस्तीमुळे घर बंद राहणार असेल तर त्या मुदतीत मालकाने काही रक्कम द्यावी, कारण वाढीव भाडे त्यालाच मिळणार आहे. फाटकावरच्या रजिस्टरवरून तिला कामाच्या वर्षांचा दाखला द्यावा. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी अशाच फ्लॅटमध्ये राहतात, भाड्याने देतात किंवा घेतात. सभेची नोटीस आपल्या दारावरही चिकटवलेली असते. त्या सभेला बहुधा घरातला पुरुष जातो आणि चर्चा पार्किंगवर संपते, तेव्हा या वेळी आपण जाऊ या.

बायांची स्वतःची एक भीती आहे, तीही इथे नोंदवते. असल्या अटी घातल्या तर मालक एजन्सीची बाई आणतील, असे त्या म्हणतात. भीती खोटी नाही, मोठ्या शहरांत एजन्सीचे काम जोरात आहे. म्हणून एका इमारतीत ठराव करून भागणार नाही. नालवाडीपासून सावंगीपर्यंत ज्या ज्या स्कीममध्ये आपल्या बाया कामाला जातात, तिथे तो एकाच महिन्यात मांडला पाहिजे, आणि तो महिना मार्च-एप्रिलचा हवा. जूनमध्ये टेम्पो दाराशी लागल्यावर काही हाती लागत नाही.