व्हायोलिनं जरा बाजूला ठेवा

संगीतकारावर सिनेमा काढायचा आणि त्यात त्याचंच संगीत ऐकू येऊ द्यायचं नाही, ही कला आपल्याकडे फार जोरात आहे. नायक तंबोरा घेऊन बसतो, 'सा' लावतो, आणि आपण कान टवकारतो न टवकारतो तोच मागून व्हायोलिनांचा ताफा घुसतो. प्रेक्षकहो, हा क्षण मोठा आहे बरं का, रडायला तयार व्हा! अरे, तो माणूस गातोय ना? मग तो रडवेल की. नाही रडवू शकला तर त्याच्यावर सिनेमा काढताय कशाला?

ऑफिसात लंचला हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं. "यार, बॅकग्राऊंड ग्रँड पाहिजे, नाहीतर आजचं पब्लिक बसत नाही." या 'आजच्या पब्लिक'कडे नंतर येतो. आधी मुद्द्याचं.

असा सिनेमा करणाऱ्या संगीतकारापुढे दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. एक, ज्याच्यावर सिनेमा आहे त्याचा आवाज कुणी ऐकलेलाच नाही. तानसेनाचं रेकॉर्डिंग कुठून आणणार? १९५२ च्या 'बैजू बावरा'मध्ये नौशादनी तानसेन-बैजूच्या जुगलबंदीसाठी अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांना गायला बसवलं आणि ख्याल गाऊन घेतला. तानसेन धृपदिया होता, त्यामुळे इतिहासाच्या पेपरात नौशाद नापास. पण गाणारे दोघं खरे होते आणि गाण्याच्या वाटेत कुणी आलं नाही, म्हणून तो प्रसंग आजही उभा राहतो. प्रभातच्या 'संत तुकाराम'चं (१९३६) तर विचारूच नका. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी नवा लिहिला, केशवराव भोळ्यांनी चाल दिली, आणि लोकांनी तो तुकोबांचाच समजून डोक्यावर घेतला. याला म्हणतात काम!

दुसरा प्रश्न जास्त अवघड. माणसाच्या रेकॉर्ड्स आहेत, आणि त्या ऐकत मोठी झालेली माणसं थिएटरात बसलेली आहेत. २०११ चा 'बालगंधर्व' आठवा. दिग्दर्शक रवी जाधव, संगीत कौशल इनामदार, पडद्यावर सुबोध भावे आणि आवाज आनंद भाटे यांचा. भाटेंना त्यासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता.

इथे "मूळ रेकॉर्डसारखं हुबेहूब करा" असं म्हणणारे असतात, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. ७८ आरपीएमची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. नाटकात तेच पद वन्समोअर घेत घेत कितीतरी वेळ चालायचं. त्यात १९२५ च्या आसपास विजेवरचं रेकॉर्डिंग येईपर्यंत गायकाला भोंग्यात तोंड घालून गावं लागे. म्हणजे आपण जे 'ओरिजिनल' म्हणून कवटाळतो ती कॉम्प्रेस केलेली फाईल आहे, तीही लॉसी! गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा असायचे. ते आणि नारायणराव रात्री दोन वाजता लयीशी काय खेळत असतील ते तबकडीत मावलेलंच नाही. ते शोधायचं, पुन्हा उभं करायचं, हे संगीतकाराचं खरं काम. क्लिक ट्रॅक लावून ते होत नाही. नाट्यपदातला गायक समेच्या अलीकडे रेंगाळतो, शब्द ताणतो, साथीदार त्याच्याकडे बघून वाजवतो. क्लिक ट्रॅक कुणाकडे बघत नाही.

मग हे का होत नाही? गोष्ट अगदी आपल्या धंद्यासारखी आहे. एडिटिंग चालू असताना संगीत तयार नसतं, म्हणून एडिटर कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं संगीत तात्पुरतं चिकटवतो. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. दिग्दर्शक तीन महिने तेच ऐकतो आणि त्याच्या प्रेमात पडतो. संगीतकार येतो तेव्हा रिक्वायरमेंट एकच असते, "असंच काहीतरी दे." प्रोटोटाईप प्रॉडक्शनला गेला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. नायक किर्लोस्कर मंडळीतला असो की लावणीच्या फडातला, मागचे व्हायोलिनवाले सगळीकडे तेच.

'महाराष्ट्र शाहीर' (२०२३) घ्या. अजय-अतुल यांच्याबद्दल मला आदर आहे. 'सैराट'साठी त्यांनी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, आणि तिथे तो शोभला, कारण ती त्या दोन पोरांच्या डोक्यातली धून होती. पण शाहीर साबळ्यांवरच्या सिनेमातलं काय गाजलं? श्रेया घोषाल आणि अजय गोगावले यांचं प्रेमगीत. गाणं गोड आहे, मीही शंभरदा ऐकलंय. पण लाखो रील्समध्ये नाचणाऱ्या किती जणांना साबळ्यांचा आवाज ओळखता येईल?

याउलट 'मी वसंतराव' (२०२२). वसंतराव देशपांडे आमच्या विदर्भाचे, जन्म मूर्तिजापूरचा, सुरुवातीची तालीम नागपुरात शंकरराव सप्रेंकडे. नातवाने, राहुल देशपांडे यांनीच काम केलं, गायलं आणि संगीतही दिलं. घरचा माणूस म्हणजे भक्तिभावाचा धोका मोठा, आणि सिनेमा लांबलाय हेही खरं. पण गाणं चालू असताना गाण्यावर विश्वास ठेवलाय.

आता ते 'आजचं पब्लिक'. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे आणि गडचिरोली, भंडारा, गोंदियात दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात, आणि वडश्याच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. झाडीपट्टी रंगभूमी. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. वादक रंगमंचाच्या पुढ्यात बसतात. लहानपणी आम्हा पोरांना बाबा मुद्दाम ऑर्गनच्या जवळ बसवायचे. थंडीत ब्लँकेट गुंडाळून, धान कापून दमलेली माणसं तिकीट काढून सहा-सहा तास बसतात आणि गाणं आवडलं तर पुन्हा म्हणायला लावतात. पब्लिक बसत नाही म्हणे!

या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून जास्त प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात. उद्या यांच्यावर किंवा झाडीपट्टीतल्या एखाद्या गायक नटावर सिनेमा निघेल. निघावाच. पण मला आत्ताच भीती वाटते, कारण पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत 'मराठी लोकसंगीत' नावाचं एकच फोल्डर असतं, त्यात ढोलकी, तुणतुणं आणि ढोल-ताशा. तेच आमच्यावर ओततील. दंडार वेगळी, खडी गंमत वेगळी, गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांतला रेला तर त्याहून वेगळा, हे कोण सांगणार? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर भजनं गाऊन १९४२ च्या चिमूरसारखी गावं पेटवली. त्या प्रसंगावर समजा कुणी सीन केला, तर खंजिरीच्या मागे पितळी वाद्यांची फौज येणार, पैज लावतो.

इथे अडचण आणखी मोठी आहे. बालगंधर्वांच्या निदान तबकड्या तरी आहेत. झाडीपट्टीच्या जुन्या पदांच्या चाली ऑर्गनवाल्यांच्या बोटांत आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत, बाजारात विकत मिळत नाहीत. नव्या नाटकांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आलेत. त्याला माझा विरोध नाही, ती जिवंत रंगभूमी आहे, म्युझियम नव्हे. पण जुनं न वाचताच नव्याने लिहायला घेतलेल्या लेगसी कोडचं जे होतं, तेच या चालींचं होईल.

तेव्हा निर्मातेसाहेब, स्ट्रिंग्जचं बजेट ठरवण्याआधी एक करा. वडसा स्टेशन गोंदिया-बल्लारशाह लाईनवर आहे. हंगाम भाऊबीजेच्या सुमारास सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. संगीतकाराला एक बरा रेकॉर्डर आणि जाड स्वेटर देऊन पाठवा. पुढच्या रांगेत, ऑर्गनच्या बाजूला बसू द्या त्याला. आणि हो, पहाटेच्या आत उठवू नका.