बारशाचे नाव दाखल्यावरही चढू द्या

कपाशीचे वाण निवडायचे तर आपण चार जणांना विचारतो, पिशवीवरचे लेबल आणि दुकानाची पावती हंगामभर जपून ठेवतो. मुलाचे नाव मात्र आत्याबाई पाळण्यात कानात सांगते आणि ते तिथेच राहते. कागदावर भलतेच चढते, नाहीतर काहीच चढत नाही.

पूर्वी याने फारसे अडत नसे. कुलदैवतावरून खंडू, जोतिबा नाव ठेवत. मुले जगत नसली की दृष्ट नको म्हणून धोंडू, दगडू ठेवत. आता दिवस बदलले. सातबाऱ्यावर दगडू, शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय आणि आधारवर दत्तू असला, की वारस नोंदीच्या वेळी पोरांना प्रतिज्ञापत्रे करत हिंडावे लागते. 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम किसानचे हप्तेही नावातल्या अशा फरकाने अडकलेले आपण पाहिलेत.

नाव आजोबांचे ठेवा, नक्षत्राच्या अक्षरावरून ठेवा, नाहीतर टीव्हीवरचे ठेवा. घरात बाळू म्हणा, सोन्या म्हणा. पण कागदावर एकच नाव असू द्या आणि ते वेळेत चढवा.

1969 च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. तोवर नाव ठरले नसेल तर नावाचा रकाना कोरा राहतो. जन्मनोंदीनंतर 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येते, पुढे विलंब शुल्क पडते. खरी गोम अशी, की नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. बाळंतपण माहेरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात, आणि आपण चौकशी करतो आपल्या ग्रामपंचायतीत! बाळंतीण सासरी येण्याआधीच माहेरच्या माणसांकडून हे काम उरकून घ्या.

हयगय करू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणून आईचे नावही तिच्या आधारप्रमाणेच सांगा.

इंग्रजी स्पेलिंग घरूनच लिहून न्या. ज्ञानेश्वर कोणी 'डी'ने लिहितो, कोणी 'जी'ने. कारकुनावर सोपवले तर तो त्याच्या मनाने लिहिणार, आणि तेच पुढे जन्मभर चालणार.

ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना विनंती, की लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक आईला एवढे जरूर विचारा, "ताई, दाखल्यावर नाव आलं का?" नसेल आले, तर कुठे जायचे तेही सांगा. शेत बापाकडून मुलाकडे जाते ते नावानेच. ते नाव पहिल्याच वर्षी नीट लिहून घेतले, तर पुढचे हेलपाटे वाचतील.