शिस्तीचे पंख

प्रजासत्ताकदिनी दादरच्या शिवाजी पार्कवर संचलन होते. छात्रसैनिक ताठ मानेने, पावलाशी पाऊल जुळवीत पुढे जाऊ लागले, की कडेला उभ्या असलेल्या लालबाग-परळच्या मुलामुलींचे डोळे चमकतात. ‘आपणही हवाई शाखेत जावे आणि विमान चालवावे,’ असे कित्येकांच्या मनात येते. ही इच्छा चांगलीच आहे. परंतु ज्याला नुसते उडावयाचे आहे, शिकावयाचे नाही, त्याच्या पदरी निराशाच येईल.

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली. १९५० साली तिची हवाई शाखा निघाली, तेव्हा पहिली पथके मुंबई व कोलकाता येथे उभी राहिली. या शाखेशी मुंबईचे नाते असे आरंभापासूनचे आहे. शाळेतील छात्रसैनिकाच्या वाट्याला प्रथम विमान येत नाही, कवायत येते. मग पंखांवरून वारा वाहू लागला म्हणजे विमान वर का उचलले जाते, हे तो शिकतो आणि हलक्या लाकडाची लहान विमाने करू लागतो. शेपटी तसूभर वाकडी बसली, तर ते चिमुकले विमान नाक खुपसून खाली येते. तेथे सबब चालत नाही. वारा कोणाची भीड धरीत नाही. चूक शोधावी, सुधारावी व पुन्हा प्रयत्न करावा, एवढाच मार्ग उरतो.

ही सवय मोठेपणीही सुटत नाही. मुरलेला वैमानिकसुद्धा प्रत्येक उड्डाणापूर्वी यादीप्रमाणे सारी तपासणी करतो. ‘मला सर्व ठाऊक आहे,’ असे म्हणणे त्याला परवडत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा विमानातून कराचीचे टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, जुहूच्या विमानतळावर उतरले. ते धाडस खरेच. पण वैमानिकाचा परवाना त्यांनी १९२९ सालीच मिळविला होता. धाडसाच्या पाठीशी शिक्षण होते.

कोणी म्हणेल, ‘गिरगावातल्या चाळीत अभ्यासाला आधीच निवांतपणा नाही, त्यात कवायतीत व शिबिरांत वेळ का दवडावा?’ शंका रास्त आहे. वेळ जातो, हे नाकारता येत नाही. परंतु ठरल्या घटकेला मैदानावर हजर राहणाऱ्याला उरलेला वेळ जपून वापरण्याची सवय लागते. छात्रसैनिकाने पुढे सैन्यात जावेच, असे बंधनही नाही. तो वैद्य होवो वा कारागीर होवो, ही सवय त्याच्या कामी येईलच.

मात्र हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावा. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ साली महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली होती. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. हे योग्यच झाले. सक्तीने पावले जुळतात, मने जुळत नाहीत. म्हणून मित्र गेला, किंवा गणवेश रुबाबदार दिसतो, एवढ्यासाठी कोणी जाऊ नये. आईवडिलांशी व शिक्षकांशी बोलावे, मनाशी विचार करावा आणि मगच नाव नोंदवावे. शाळेत हवाई शाखा नसेल, तर भूदलाची वा नौदलाची शाखा आहे काय, हे पाहावे.

प्रत्येक छात्रसैनिक वैमानिक होणार नाही. पण जो स्वतःहून शिस्त पत्करतो, त्याचे पाऊल आकाशात गेले नाही, तरी जमिनीवर खचित डळमळत नाही.