बटण कोणी दाबलं?

‘आता शेतकऱ्याला फॉर्म भरावाच लागणार नाही,’ असं माझ्या व्यवसायातले लोक कौतुकाने सांगू लागले आहेत. वेबसाइटमध्ये एक लायब्ररी जोडायची, ‘अर्ज भर’, ‘अर्ज पाठव’ अशा आज्ञा जाहीर करायच्या, की ब्राउझरमधला एआय एजंट त्या परस्पर चालवणार. मीही सॉफ्टवेअरवरच पोट भरतो. तरी सांगतो, ही घाई आपल्याला महागात पडेल.

कळवणला एजंट नवा नाही. इथला कांदा उत्पादक सातबारा, विमा, अनुदान सगळं सेवा केंद्रातून करून घेतो. ओटीपी सांगतो, पावती घेतो, निघतो. अशा मध्यस्थीचं काय होऊ शकतं, हे राज्याने पाहिलं आहे. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्याचा रुपया एक, आणि अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये. अर्जांचा पूर आला. त्यात सरकारी आणि देवस्थानांच्या जमिनींवरही विमा उतरवलेला निघाला. २०२५मध्ये ती सवलत गुंडाळली गेली. बोगस अर्ज भलत्यांनी केले. कांद्यासाठी विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता मात्र आता खऱ्या शेतकऱ्याने भरायचा.

तिथे निदान समोर माणूस होता, त्याला जाब विचारता येत होता. हा नवा एजंट तुमच्याच लॉगिनमधून काम करतो. मुद्दाम सोय केली नाही, तर सर्व्हरच्या नोंदीत अर्ज तुम्हीच केलेला दिसतो. शिवाय मालकाची आज्ञा कोणती आणि पानावरचा मजकूर कोणता, हे त्याला खात्रीने ओळखता येत नाही. पानात कोणी लपवलेली ओळही तो हुकूम समजू शकतो.

‘पण फॉर्म किचकट आहेत ना!’ आहेतच. मग आधी ते सोपे करा.

माहिती शोधण्याच्या आज्ञा एजंटला खुशाल द्या. पैसा, जमीन आणि संमती यांना हात लावणारी आज्ञा मात्र त्याला परस्पर चालवता येता कामा नये. काय होणार आहे ते आधी मराठीत वाचून दाखवा, माणसाने स्वतः हो म्हटल्यावरच पुढे जा, आणि नोंदीत ‘एजंटमार्फत’ असं स्पष्ट लिहा. चूक झाली तर भरपाई वेबसाइटवाल्याने आणि एजंट बनवणाऱ्याने द्यावी. हे मान्य नसेल, तर ती लायब्ररी सरकारी पोर्टलला जोडू नका.