अंगणातली तार

आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. एकात आम्ही, समोरच्यात धाकटे दीर. इंटरनेटची फायबर तार आमच्या पुढच्या खोलीत येते. तिथल्या बॉक्समधून एक साधी निळी नेटवर्क केबल वळचणीखालून निघून, अंगण ओलांडून दिरांच्या घरी जाते. बिल अर्धं-अर्धं. दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

गेल्या पावसाळ्यात बिनसलं. पुतणीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. जेवणं आटोपली की ती संगणकापुढे बसायची. अर्धी यादी भरून होते न होते तोच पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत राहायचं. लागोपाठ तीन रात्री हेच. शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती भर पावसात बाजारपेठेतल्या एका दुकानात जाऊन फॉर्म भरून आली. भरला गेला, अल्हम्दुलिल्लाह. पण संध्याकाळी देवरानी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "भाभी, रात्री तुम्ही बंद करत असाल तर तसं सांगा. आम्ही आमचं वेगळं घेऊ."

मी काही बंद करत नव्हते. शब्द फार लागला. पण खरं सांगायचं तर तिच्या संशयाला थोडा आधार मीच दिला होता. "बिल अर्धं, वापर मात्र दुप्पट," असं मी एकदा जेवताना बोलून गेले होते. ते वाक्य अंगण ओलांडून केव्हाच पोचलं होतं. अशा वाक्यांना केबल लागत नाही.

तक्रार केली. तंत्रज्ञ मुलगा दोनदा आला, दोन्ही वेळा भर दुपारी, उघडीप असताना. बॉक्स पाहिला, लॅपटॉप लावला, सगळं झकास. "मॅडम, आमच्याकडून लाइन बरोबर आहे," म्हणाला. मी त्याच्यावरही चिडले. पुढे कळलं, तो खरंच बोलत होता.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्रांशी माझी मैत्री नाही. पण मुलांना रोज सांगते, उतारा पुरता वाचा, मग उत्तर लिहा. इथे आम्ही सगळेच न वाचता उत्तर लिहीत होतो. म्हणून एक दोनशेपानी वही काढली आणि पुतणीला हाताशी घेतलं.

आमच्या शहापूर तालुक्यातल्यांना ही रीत वेगळी शिकवायला नको. 1892 मध्ये बांधलेलं तानसा धरण इथलंच, आणि त्याचं पाणी मोठ्या नळांतून मुंबईला जातं. घरच्या नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणी धरणावर धावत नाही. माणूस एकेका व्हॉल्व्हपाशी थांबतो आणि पाहतो, पाणी इथवर आलंय का? इंटरनेटचंही तसंच. समुद्राखालच्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, तिथून तारांचं जाळं आपल्या बॉक्सपर्यंत येतं. बिघाड कुठल्या दोन थांब्यांच्या मधे आहे, एवढंच शोधायचं.

पहिला थांबा बॉक्सवरचे दिवे. 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाश बॉक्सपर्यंत पोचत नाही. हे काम कंपनीचं. आपण फक्त बघायचं, की तार कपाटामागे चेपली किंवा घट्ट वळली तर नाही ना. फायबरच्या आत केसासारखी काच असते. ती तीव्र वळणावर प्रकाश गमावते. तिचं टोक काढून डोळ्यासमोर कधीही धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आमचा हा दिवा एकदाही लाल झाला नव्हता.

दुसरा थांबा पिंग. पिंग म्हणजे हाक. संगणकात कमांडची काळी खिडकी उघडायची, पिंग हा शब्द इंग्रजीत लिहायचा आणि पुढे बॉक्सचा पत्ता. तो बहुधा बॉक्सखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, बऱ्याच ठिकाणी 192.168.1.1. बॉक्सने ओ दिली की किती मिलिसेकंदांत दिली ते दिसतं. नाही दिली तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. मग तशीच हाक बाहेरच्या जगाला, 8.8.8.8 या पत्त्यावर. बॉक्स ओ देतो पण बाहेरून उत्तर नाही, तर दोष बॉक्सपासून पुढे, कंपनीच्या बाजूला. बॉक्सच ओ देत नाही, तर दोष आपल्या घरात.

वायफायची शंका उरू नये म्हणून दोन्ही घरी संगणकाला थेट केबल लावली. आमच्याकडे छोटी, बॉक्सपासून हातभर. समोरच्या घरी ती अंगणातून आलेली. रोज रात्री दर पंधरा मिनिटांनी दोघींनी नोंद करायची. पुतणी म्हणाली, "बडी अम्मी, पावसाचाही रकाना ठेवूया." ठेवला.

तिसऱ्या रात्री वही वाचली आणि माझा चेहरा उतरला. त्यांचं बंद पडायचं तेव्हा आमचं चालू असायचं, प्रत्येक वेळी. म्हणजे देवरानी म्हणत होती तेच वहीही म्हणत होती! तरी उतारा पुरता वाचायचा होता. पाचव्या रात्रीपर्यंत पावसाचा रकाना बोलू लागला. सर सुरू झाली की थोड्या वेळाने त्यांच्या हाका बुडायच्या. आधी चारातली एक, मग चारही. सकाळी ऊन पडून तासभर झाला की पुन्हा सगळं ठीक. म्हणूनच दुपारी आलेल्या त्या मुलाला काही सापडत नव्हतं.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. बॉक्सवर केबलचं भोक बदललं, फरक नाही. संगणक बदलला, फरक नाही. उरली केबल. मिस्टरांनी एक लांब केबल कुणाकडून तरी मागून आणली. ती खिडकीतून खिडकीत टाकली. त्या रात्री धो धो पाऊस पडला आणि एकही हाक बुडाली नाही.

सकाळी शिडी लावली. वळचणीखाली जुन्या केबलला जोड होता, काळी टेप गुंडाळलेला. टेप सोडवली तर आतल्या तांब्यावर हिरवा थर. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत पीळ घातलेल्या. त्या पिळामुळेच बाहेरचा व्यत्यय कमी होतो. आम्ही पीळ सोडून तारा हाताने वळल्या आणि वर टेप लावली. पाणी टेपखाली शिरून तारांना एकमेकींशी भिडवत होतं, ऊन पडलं की सुकत होतं. तो जोड कुणी केला होता? आम्हीच. दोन वर्षांपूर्वी केबल तीन हात कमी पडली. नवी घ्यायला नको म्हणून मीच मिस्टरांना तुकडा जोडायला सांगितला होता.

मी वही आणि तो हिरवा तुकडा घेऊन समोर गेले. देवरानीपुढे ठेवला आणि ते जेवतानाचं वाक्यही मागे घेतलं. ती तुकड्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "भाभी, मीही विचारायच्या आधी ठरवून टाकलं होतं."

नवी केबल अखंड टाकली, बाहेर वापरायची, जाड काळ्या आवरणाची, आतून शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती घेतली नाही. अशी केबल 100 मीटरपर्यंतच न्यावी, आमचं अंतर तर पंचवीस. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, भोकात शिरत नाही. आणि आपल्याकडे ढग गडगडू लागले की ही केबल दोन्हीकडून काढून ठेवायची. घराबाहेरची तांब्याची तार विजेचा झटका आत आणू शकते. दोन घरांमध्ये फायबर टाकणं अधिक सुरक्षित, कारण काचेतून वीज वाहत नाही. पैसे जमले की ते करू.

ही हकिगत फोनवर ऐकून मुरबाडची बहीण म्हणाली, "आपा, आमचंही रोज संध्याकाळी जातं." मी म्हटलं, वही घाल. तिची वही वेगळं बोलली. पाऊस असो नसो, विहिरीवरचा पंप सुरू केला की बॉक्सचे सगळे दिवे विझून पुन्हा लागत. पंप चालू होताना दाब क्षणभर पडत होता आणि बॉक्स नव्याने सुरू व्हायला काही मिनिटं घेत होता. राउटरसाठी मिळतो तो छोटा बॅटरी यूपीएस लावला, प्रश्न मिटला. तक्रार तीच, कारण दुसरंच.

आणि दोष खरोखर कंपनीकडे निघाला तर? तक्रार क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार तो मिळणं तुमचा हक्क आहे. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथे तुमची वही कामाला येईल. "नेट चालत नाही" या वाक्याला कुणी विचारत नाही. तारीख, वेळ, दिव्याचा रंग आणि हाकेचं उत्तर लिहिलेल्या पानाला विचारावं लागतं.

पुतणीला कॉलेज मिळालं. वही बॉक्सशेजारी खिळ्याला टांगली आहे. बिल अजून अर्धं-अर्धंच आहे.